एका मापाची अक्षरं

मला काळजी करायला कारण लागत नाही, असं माझा नवरा म्हणतो. गॅस बंद केलाय हे तीनदा बघून मी घराबाहेर पडते आणि लिफ्टमध्ये चौथ्यांदा मनात येतं, खरंच बंद केला होता ना. पण त्या नोव्हेंबरात मला खरंखुरं कारण मिळालं होतं, आणि ते माझं मीच तयार केलं होतं.

मी बहरीनमध्ये, हिद्दच्या औद्योगिक भागातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये नावं कोरते. दारावरच्या पाट्या, निवृत्तीच्या समारंभात देतात त्या ढाली, इंजिनांवर लावायचे पितळी पट्टे, 'आग लागल्यास लिफ्ट वापरू नये' असल्या सूचना. मालक रत्नागिरीकडचे, तरुणपणी आलेले आणि इथेच म्हातारे झालेले. मी त्यांना भाई म्हणते, ते मला बाय म्हणतात. नवऱ्याची नोकरी जवळच बंदरात. घरी बसून डोकं फिरायला लागलं म्हणून मी भाईंकडे जायला लागले, त्याला त्या नोव्हेंबरात चौदा वर्षं झाली होती. कॉम्प्युटरवर अक्षरं बसवणं आणि मशीनवर कोरणं माझ्याकडे. धातू कापणं, घासणं, चमकवणं आणि गिऱ्हाइकाला गोड बोलणं भाईंकडे. ही वाटणी आमच्या दोघांच्या स्वभावाला धरूनच आहे.

अक्षरांचा धंदा तसा माझ्या माहेरचाच. वडिलांचा चिंचवडला लग्नपत्रिकांचा छापखाना होता. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, कुणाचं ठळक, यावर आमच्याकडे रोज खल चालायचा. वर कुलदैवत, मग घरातले थोरले, मग काका, मामा, आत्याचे यजमान, असं वयानं आणि मानानं उतरत उतरत यायचं. अगदी तळाला बारीक अक्षरांत चिल्लीपिल्ली, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'. त्या ओळीला आम्ही छापखान्यात किलबिल म्हणायचो. एकदा घाईत वडिलांकडून एका आत्याच्या यजमानांचं नाव धाकट्या काकांच्या खाली गेलं. ते गृहस्थ मांडवातून न जेवता उठले. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील छापखान्यात येऊन, हातात ती पत्रिका धरून, आमच्या वडिलांसमोर रडले. मी तेव्हा दहावीत होते. तेव्हापासून नावांची यादी हातात आली की मी आधी मानाचा क्रम बघते. कुणाचा मान चुकायला नको, एवढंच डोक्यात असतं.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी एक स्कॉटिश आजोबा आमच्याकडे आले. वय ऐंशीच्या पुढे, उंच, कमरेत वाकलेले, पण शर्टाला कडक इस्त्री. आयुष्य जहाजदुरुस्तीच्या कामात गेलेलं, त्यातली चाळीस वर्षं बहरीनमध्ये. आता उम्म अल हस्समला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहत होते. मुलीची नोकरी संपली होती, सामान विकून झालं होतं, व्हिसा रद्द व्हायचा होता, आणि दोघं कायमची मायदेशी निघाली होती.

त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातून एक कागद काढला. कुठल्याशा जुन्या मासिकातल्या पानाची झेरॉक्स, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. त्यावर चाळीसेक नावं होती. स्कॉटलंडातल्या एका धर्मशास्त्राच्या कॉलेजची ही माणसं. काही शिकून बाहेर पडलेले पाद्री, काही शिकवणारे, काही अजून शिकत असलेले विद्यार्थी. सगळे पहिल्या महायुद्धात मेले. पाद्र्यांवर सैन्यात जायची सक्ती नव्हती, आजोबा म्हणाले, तरी गेले. कुणी पलटणीबरोबर प्रार्थना सांगायला, कुणी जखमी वाहायला, आणि विद्यार्थी बहुतेक साधे शिपाई म्हणून. कॉलेजच्या भिंतीवर त्यांच्या नावांचा पितळी फलक होता. पुढे कॉलेज दुसऱ्यात विलीन झालं, इमारतीत फ्लॅट झाले आणि फलक कुठे गेला ते कुणाला सांगता येईना.

इथल्या चर्चमध्ये दर नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांची आठवण करतात. त्या दिवशी आजोबा गेली कित्येक वर्षं हा कागद उघडून ही नावं मोठ्यानं वाचत आले होते. आता ते गेल्यावर कोण वाचणार? म्हणून त्यांना फलक हवा होता. चर्चच्या मंडळींनी बाजूच्या हॉलमध्ये एक जागा दिली होती. इथली आठवड्याची सुट्टी शुक्रवारची, म्हणून नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी प्रार्थनेनंतर तो भिंतीवर लागायचा होता आणि रविवारी त्यांचं विमान होतं. यादीत त्यांच्या वडिलांचा थोरला भाऊ होता, दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. आजोबांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांच्या जन्माआधी कितीतरी वर्षं तो गेला होता. पण सांगताना त्यांचं बोट त्या नावावरच होतं.

भाईंनी तीन मिलिमीटरचा पितळी पत्रा दाखवला, त्या मापाचा आमच्याकडे एकच होता. आजोबांनी त्यावरून हात फिरवला आणि हाच, म्हणाले. मी कागदावर नमुना काढून दिला, त्यांनी भिंगातून एकेक नाव तपासलं आणि खाली सही केली. आमची पद्धतच आहे, सही झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. आणि सही झाल्यावर नमुन्याला हात लावायचा नाही.

मी लावला.

त्याच आठवड्यात सोमवारी दुपारी कोरायला घेण्याआधी नावं शेवटची नजरेखालून घालत होते. कागदावर प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरांत माहिती होती, हा अमुक गावचा पाद्री, हा प्राध्यापक, हा पहिल्या वर्षाचा, हा तिसऱ्या. फलकावर मात्र नुसती नावं घ्यायची होती, आणि ती आडनावाच्या अक्षरानं, सगळी सरमिसळ. वीस वर्षं पाद्री असलेला माणूस खाली आणि मिसरूड फुटलेला विद्यार्थी त्याच्या डोक्यावर. मला ते बघवेना. वाटलं, आजोबांनी मासिकात होतं तसंच उचललं, म्हाताऱ्या माणसाला एवढं कुठे सुचतंय. पाहणारा काय म्हणेल? मेलेल्यांचा तरी मान ठेवायला नको?

मग मी नीट केलं. म्हणजे मला ते नीट वाटलं. प्राध्यापक आणि पाद्री वर, ठळक, नावाआधी 'रेव्हरंड' घालून. मध्ये एक नाजूक रेघ. खाली विद्यार्थी, वर्षाच्या क्रमानं, बारीक अक्षरांत. तिसऱ्या वर्षाचे आधी, पहिल्या वर्षाचे शेवटी. फलक एकदम भारदस्त दिसायला लागला. विचारायला फोन करावा असं एकदा मनात आलं होतं. पण त्यांना आश्चर्याचा सुखद धक्का देऊ, असंही आलं, आणि मला कौतुकाची हौस आहे हे मी नाकारत नाही.

बुधवारी सकाळी आजोबा मुलीबरोबर आले. भाईंनी फलक टेबलावर ठेवला, वरचा कापडाचा तुकडा काढला. आजोबांनी चष्मा बदलला, पुढे वाकले. मी शेजारी उभी राहून ते काय म्हणतात याची वाट बघत होते. मग त्यांचं बोट रेघेच्या खाली गेलं, बारीक अक्षरांवरून सरकत एका नावापाशी थांबलं.

"हा इथे कसा आला?" त्यांनी हळूच विचारलं.

मला वाटलं आडनावाचा क्रम चुकला म्हणून विचारतायत. मी उत्साहानं समजावून सांगायला लागले, की वर मोठी माणसं आणि खाली शिकणारी, आमच्याकडे असंच करतात. बोलता बोलता मुलीचा चेहरा दिसला आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

आजोबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, मीही तापट आहे, चार शब्द मीही बोलले असते. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी आपल्या आजीचं सांगितलं. म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या आईचं. ती बंदरावर मासळी साफ करायची. तिच्या घराण्यात कुणी पाद्री होणं म्हणजे केवढी गोष्ट. मुलगा दोन वर्षं शिकला, तिसऱ्या वर्षाला गेलाच नाही. पाद्री होण्याआधीच मेला, त्यामुळे त्याला कुणी कधी रेव्हरंड म्हटलं नाही. वर्षातून एकदा ती काळा कोट घालून कॉलेजात जायची आणि फलकापुढे उभी राहायची. आजोबा सात-आठ वर्षांचे असताना तिच्याबरोबर गेले होते. त्या फलकावर ना पदवी होती, ना हुद्दा, ना वर्ष. सगळी अक्षरं एका मापाची. ज्यांनी तो लावला त्यांनी ठरवून तसा केला होता.

"तेवढी एकच जागा होती," आजोबा म्हणाले, "जिथे तिचा मुलगा पाद्र्यांच्या बरोबरीचा होता."

मी फलकाकडे पाहिलं. ठळक नावं, नाजूक रेघ, आणि खाली बारीक अक्षरांतली ती पोरं. मी त्यांना किलबिलीत बसवलं होतं. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांना.

माझी चूक आहे, मी म्हणाले, सही झाल्यावर मी बदललं, मी नवीन करून देते. आजोबांनी माझ्या हातावर थोपटलं आणि असू दे म्हणाले, लोकांना नावं तर वाचता येतील. मुलगी मात्र स्पष्ट होती. हा भिंतीवर लावण्यापेक्षा रिकामी भिंत बरी, ती म्हणाली. वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून दाराशी जाऊन भाईंना म्हणाली, पण मला ऐकू आलं. ते तिचं बरोबरच होतं. उद्या संध्याकाळी सहापर्यंत झाला तर आम्हाला कळवा, नाहीतर राहू द्या, एवढं बोलून ती वडिलांना घेऊन गेली.

गाडी गेल्यावर भाईंनी नईम भागातल्या पितळवाल्याला फोन लावला. त्या मापाचा पत्रा मफी, म्हणजे नाहीच, रविवारी कंटेनर येईल. दुसऱ्याकडे होता तो पातळ, कोरला की वाकणारा. तिसऱ्यानं इंशाल्ला म्हटलं, आणि तो ज्या सुरात म्हणाला त्यावरून मला कळलं की होणार नाही. मी टेबलाशी बसून कोरलेल्या अक्षरांवर नखं फिरवत होते, जणू काही ती पुसली जाणार होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चौदा वर्षांत त्या वर्कशॉपमध्ये मी पहिल्यांदा रडले.

"बाय, रडतेस कशाला?" भाई म्हणाले. "पत्र्याला दोन बाजू असतात. पलटी कर."

मागची बाजू पाहण्यासारखी नव्हती. मशीनवर चिकटवताना लावलेल्या टेपचा गोंद, ओरखडे, एका कोपऱ्यात खोल चरा. कडा पुढच्या बाजूनं उतरत्या घासलेल्या होत्या, स्क्रूची भोकंही त्याच बाजूनं रुंद केलेली. सगळं उलट्या बाजूनं पुन्हा करायचं होतं. भाईंचा उजवा खांदा वर्षभर दुखत होता, डॉक्टरांनी जड काम बंद सांगितलं होतं. पॉलिशवाल्या माणसाला सुट्टीवर जाऊन आठवडा झाला होता. मी म्हटलं, मी घासते. ते म्हणाले, तू अक्षरांचं बघ, आणि या वेळी कागदावर आहे तेच कर.

त्या दिवशी घरी गेले ती कागदाची झेरॉक्स पर्समध्ये घेऊनच. जेवण केलं नाही, नवऱ्यानं अंड्याची पोळी केली ती अर्धी टाकली. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, दुसऱ्याच वर्षाला. त्याला फोन केला. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, तसंच आमचं चालतं. जेवलास का विचारलं, सर्दी गेली का विचारलं. तिसऱ्यांदा जेवणाचं विचारलं तेव्हा त्यानं विचारलं की तुझं काय बिनसलंय. मी काही नाही म्हटलं. दुसरं वर्ष म्हणजे किती लहान, हे मला सोमवारी कळायला हवं होतं. मी फलकावरच्या त्या विद्यार्थ्यांकडे वर्गाची यादी म्हणून पाहिलं, मुलं म्हणून पाहिलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर मी ती झेरॉक्स स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरली आणि प्रत्येक नाव वहीत हातानं उतरवून काढलं, पुढचं सगळं वगळून. नुसती नावं.

गुरुवारी सकाळी सातला पोचले तर भाई माझ्याआधी आलेले. खांद्याला पट्टा बांधून फलक घासत होते. चरा जवळजवळ गेला होता, तिरप्या उजेडात एक सावली तेवढी दिसत होती. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी चहा केला, त्यांनी तो तसाच गार होऊ दिला. नऊ वाजता मी पत्रा मशीनवर बसवला आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली.

पत्र्याच्या खालच्या अंगाला आधीची अक्षरं कोरलेली होती. खोली फार नव्हती, मध्ये भरपूर धातू होता, हे मला हिशेबानं माहीत होतं. तरी सुई प्रत्येक अक्षरावर उतरली की मी श्वास धरायची. कुठे आरपार गेली तर? कुठे खालून पोकळ असल्यामुळे अक्षर दबलं तर? मोबाइलवर बातम्या येत होत्या, आखातात कुणीतरी कुणाला तरी धमकावत होतं, विमानं उशिरा सुटतील असं काहीतरी. एरवी मी त्यातच गुंतून पडले असते. त्या दिवशी मी मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला. अकरा वाजता सुईचं टोक तुटलं, एका आडनावाच्या मध्यावर. मशीन थांबवलं, नवीन सुई बसवायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. पुन्हा त्याच जागी, त्याच खोलीला सुई आणायची म्हणजे केसाएवढी चूक चालत नाही. भाई मागे येऊन उभे राहिले आणि परत गेले. अक्षर जुळलं. जोड कुठे आहे ते मला आजही दाखवता येईल, पण दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

दीडला कोरून झालं. अक्षरांत काळा रंग भरला, वरचा पुसला, सुकायला पंख्याखाली ठेवला. भाईंनी कडा कानशीनं उतरवल्या, भोकं रुंद केली. साडेचारला वरून लॅकरचा हात दिला. पाचला मी मुलीला निरोप पाठवला, झालाय, या. उत्तर आलं नाही. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. मला वाटलं त्यांनी नाद सोडला असणार, माझ्यासारख्या बाईवर दुसऱ्यांदा कोण भरवसा ठेवेल? पावणेसहाला गाडी आली. ट्रॅफिक, मुलगी म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ टेबलाकडे गेली आणि वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचून काढलं. मग मागे वळून तिनं वडिलांना हात दिला.

आजोबांनी चष्मा बदलला आणि बोट फलकाच्या वरच्या टोकाला ठेवलं. मी पलीकडे उभी होते, हात पाठीमागे घट्ट धरून. मला सांगायचं होतं की आधीचं सगळं आता भिंतीच्या बाजूला गेलंय, कुणाला दिसणार नाही, पण त्यांचं वाचन मोडवेना. बोट खाली येत होतं. त्या यादीत मॅकनं सुरू होणारी आडनावं डझनभर तरी होती, एकाखाली एक, सगळी सारखीच दिसणारी. तिथे बोट अडखळलं. त्यांच्या काकाचं नाव ओलांडून पुढे गेलं. मला ते दिसलं, कारण तो कुठे आहे हे मला पाठ होतं. बोट दोन ओळी खाली गेलं, थांबलं, पुन्हा वर आलं, पुन्हा ओलांडून गेलं. मुलगी दाखवायला पुढे वाकली, तर त्यांनी तिला दुसऱ्या हातानं थांबवलं.

ते शोधत राहिले. घाई करत नव्हते. एकेक मॅक चाचपत, ओठांतल्या ओठांत वाचत चालले होते. मग बोट थांबलं, आणि या वेळी बरोबर जागी थांबलं. नंतर त्यांनी बोट एक ओळ वर सरकवलं.

"हा वरचा," ते मला म्हणाले, "त्याला हिब्रू शिकवायचा."